कुटुंब उघड्यावर आलं तर काय करायचं? पहिल्या रात्रीपासून खोली टिकेपर्यंत (मराठवाडा)

(चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मांजराकाठ

बेघर म्हटलं की डोळ्यापुढं स्टेशनवर झोपलेला एकटा माणूस येतो. आपल्याकडची बेघर कुटुंबं तशी दिसत नाहीत. ती बहिणीच्या ओसरीत असतात, झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यात असतात, कुणाच्या तरी आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) असतात. नाहीतर बसस्टँडमागं रात्रीपुरती पथारी टाकतात आणि उजाडायच्या आत गुंडाळून निघतात. मोजणीत येत नाहीत, म्हणून मदतीच्या यादीतही येत नाहीत.

कारणं ठरलेली आहेत. सततच्या पावसानं माळवद (मातीचं छत) बसतं. सालगड्याचं साल पाडव्याला मोडलं की मालकाच्या आखाड्यावरची खोलीही त्याच दिवशी सुटते. ऊसतोडीहून परतलेल्या जोडीचं गावातलं छप्पर गेलेलं असतं आणि वर उचल (मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम) अंगावर असते. दवाखान्याचं कर्ज, नवऱ्याची मारहाण, कमावत्या माणसाचं मरण.

धागा काढला तो एवढ्यासाठी की मदत करणारे हात पुष्कळ आहेत, पण क्रम चुकतो. आधी किराणा किट, मग फोटो, मग अर्ज, आणि छपराचं नाव सगळ्यात शेवटी. माझं मत उलटं आहे. छप्पर आधी, कागद त्याच्या पाठोपाठ, आणि खोली मिळाल्यावर किमान सहा महिने पाठराखण. ही पाठराखण सगळे सोडून देतात आणि घर पुन्हा तिथंच मोडतं.

ज्याला ज्या कामाची नेमकी माहिती आहे त्यानं तेवढंच लिहावं. नियम, आकडे, कुठं अडतं आणि का. आपबीती नको, पद्धत हवी.

सिंदफणा

पहिल्या रात्रीपासून सुरू करते.

सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारायची: मारहाण आहे का? असेल तर १८१ किंवा ११२ वर फोन. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. तिथं बाईला तात्पुरता निवारा, वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडं जायला सोबत आणि वकिलाचा सल्ला एकाच छताखाली मिळतो. पण मुक्काम साधारण ५ दिवसांचा असतो. म्हणजे दुसऱ्या दिवशीच पुढची जागा शोधायला लागायचं, पाचव्या दिवशी नाही. पुढची जागा म्हणजे शक्ती सदन (आधीचं स्वाधारगृह) किंवा शासकीय महिला राज्यगृह.

मारहाण नसेल आणि कुटुंब शहरात असेल तर महापालिका किंवा नगरपालिकेचा शहरी बेघर निवारा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषात १ लाख लोकसंख्येमागं एक कायमस्वरूपी निवारा, तिथं ५० ते १०० माणसांची सोय आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरलेली आहे. प्रत्यक्षात बहुतेक निवारे म्हणजे पुरुषांचा एक हॉल आणि बायकांची एक खोली. नवरा-बायको वेगळे झोपतात, पोरं आईकडं. कुटुंबानं तिथून दोन दिवसांत पाय काढला तर तो त्यांचा हट्ट समजू नका. वयात आलेली पोरगी अनोळखी माणसांच्या हॉलजवळ ठेवायची आईची तयारी नसते, आणि ती बरोबर असते.

म्हणून निवाऱ्यात नेण्याआधी फोनवर एवढं विचारून घ्या: कुटुंबासाठी वेगळा कक्ष आहे का? बायकांच्या संडासाला आतून कडी आहे का? सामान कुलपात ठेवता येतं का? दिवसा बाहेर काढतात का? निकषाप्रमाणं निवारा चोवीस तास उघडा असायला हवा. दिवसा बाहेर काढलं तर लेकुरवाळी बाई ऊन-पावसात जाणार कुठं?

गावात असाल तर पहिल्या रात्रीसाठी समाजमंदिर, शाळेची खोली, नाहीतर ग्रामपंचायतीचं सभागृह. सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांना तोंडी सांगून भागत नाही. साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घ्या. त्या तारखेचा पुढं पंचनाम्याला आणि घरकुलाला उपयोग होतो.

दुधना

सिंदफणाताई, एक प्रश्न. आई, १६ वर्षांची मुलगी आणि १३ वर्षांचा मुलगा असेल तर शक्ती सदनात तिघांना घेतात का?

सिंदफणा

दुधना, नेमकं तिथंच अडतं. शक्ती सदनात आईबरोबर अविवाहित मुली १८ वर्षांपर्यंत राहू शकतात, मुलगे १२ पर्यंत. तेराव्या वर्षाचा मुलगा बाहेर पडतो. मग त्याला बालकल्याण समितीपुढं नेऊन बालगृहात ठेवायचा सल्ला मिळतो.

ही वाट शेवटची समजा. बालन्याय कायदा, २०१५ मध्ये संस्थेत ठेवणं हा अखेरचा उपाय असल्याचं तत्त्व स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. मामा-आजी यांच्यापैकी कुणी महिना-दोन महिने सांभाळेल का. समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत जागा आहे का. आणि तिसरी, जी मला सगळ्यात खरी वाटते: शक्ती सदन टाळून सरळ भाड्याच्या खोलीत तिघांना एकत्र ठेवता येईल का. दोन महिन्यांचं भाडं हे एका पोराची शाळा आणि आई तुटण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मारहाणीच्या प्रकरणात अजून एक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या कलम १७ नं बाईला सामायिक घरात राहायचा हक्क दिलाय, घर तिच्या नावावर असो वा नसो. कलम १९ खाली कोर्ट नवऱ्याला त्या घरातून बाहेर राहायचा आदेश देऊ शकतं, किंवा तिच्यासाठी भाड्याची पर्यायी जागा द्यायला लावू शकतं. संरक्षण अधिकाऱ्याकडं घरगुती घटना अहवाल भरून घ्यायचा. वकील फुकट मिळतो. बायका आणि मुलांना मोफत विधी सहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती, नाहीतर १५१०० वर फोन. प्रत्येक बाईनंच घर सोडलं पाहिजे असं नाही.

नमुना आठ

कागदांचं मी लिहितो. लांबेल.

उघड्यावर आलेल्या कुटुंबाकडं बहुतेक वेळा एक कॅरीबॅग असते. आत आधार कार्डं एकमेकांना चिकटलेली, शाई उतरलेलं रेशन कार्ड, पोराच्या लसीचं पिवळं पडलेलं कार्ड आणि बँकेचं पासबुक, ज्यात शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची. ती पिशवी आधी उन्हात नाही, सावलीत वाळवा. चिकटलेली कार्डं ओढून सोडवू नका, अक्षरं निघून येतात. मोबाइलनं प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि कुटुंबाबाहेरच्या एका विश्वासू माणसाच्या फोनवरही ठेवा. हे पहिल्या दिवशीच करायचं काम आहे. फाटक्या कार्डावरचा नंबर वाचता आला तरी निम्मं काम होतं.

मग क्रम.

आधी आधार. हरवलं असेल तर केंद्रात बोटं देऊन प्रत काढता येते. नव्यानं काढायचं आणि पत्त्याचा पुरावा नाही, तर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. ते सरपंच, नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकारी देऊ शकतात, आणि मान्यताप्राप्त निवाऱ्याचे अधीक्षकही देऊ शकतात. हे बऱ्याच निवाऱ्यांनाच माहीत नसतं, त्यामुळं नमुना छापून सोबत न्या. त्याची मुदत ३ महिने असते आणि फोटोवर अर्धा शिक्का यायला हवा. शिक्का फोटोबाहेर गेला म्हणून परत पाठवल्याचं नेहमी घडतं. घरात एकाचं आधार बरोबर असेल तर कुटुंबप्रमुखाच्या आधारावर बाकीच्यांचा पत्ता लागतो. पाच वर्षांखालच्या लेकराचे ठसे घेत नाहीत, आई किंवा बापाचं आधार लागतं.

मग बँक खातं. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. शाखेत जाऊन केवायसी करायचं. आणि हे लक्षात ठेवा: सरकारी पैसा आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात पडतो, ज्या खात्याला सगळ्यात शेवटी आधार जोडलं त्यात. दोन-तीन खाती असलेल्या बाईला वाटतं पैसे आलेच नाहीत, आणि ते कुठल्यातरी जुन्या खात्यात पडून असतात. अर्ज करण्याआधीच कुठलं खातं जोडलंय ते बघून घ्या.

मग रेशन. विधवा, अपंग, निराधार आणि बेघर कुटुंबांनी अंत्योदय मागायचं, कारण तिथं कार्डामागं महिन्याला ३५ किलो धान्य असतं. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. चार माणसांच्या घराला ३५ आणि २० यातला फरक म्हणजे महिन्याचे १५ किलो.

त्यानंतर उत्पन्न, रहिवासी आणि जातीचा दाखला. भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, अनुसूचित जातींना १९५० चा, इतर मागासांना १९६७ चा. पालावर जन्मलेल्या माणसाच्या आज्याचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? अशा वेळी गृहचौकशीची मागणी लेखी करायची. नात्यातल्या कुणाची जात वैधता झालेली असेल तर तो कागद सोन्यासारखा जपा. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी सेतूवर कुणी ५०० चा स्टॅम्प मागितला तर नम्रपणे नकार द्या.

एक चूक मात्र करू नका. शहरात खोली मिळाली की उत्साहानं गावच्या रेशन कार्डातून आणि मतदारयादीतून नाव कमी करून टाकतात. गावात घरकुलाची आशा असेल तर थांबा. ग्रामसभेला तुम्ही गावचे रहिवासी दिसायला हवेत. धान्य तर त्याच कार्डावर शहरातही मिळतं.

आखाड्यावरून

नमुना आठ दादांनी रेशनचं बराबर सांगितलं. त्यात भर घालतो.

पोर्टेबिलिटीनं राज्यात कुठल्याबी स्वस्त धान्य दुकानात माल भेटतो. साखर कारखान्यावर गेलेल्या टोळीला तिथल्या गावात उचलता येतो. कार्डाचा १२ अंकी नंबर पाठ पायजे, कार्ड गावी राहिलं तरी चालतं. पण घरातल्या समद्यांचं ई-केवायसी झालेलं पायजे. ज्याचं नाही त्याचं धान्य बंद होऊ शकतं. मोबाइलवर मेरा ई-केवायसी ॲपवर चेहरा दाखवून करता येतं, गावाला परत यायची गरज नाही.

दुसरं अडतं ते बोटाला. ऊस तोडणाऱ्याची, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याची बोटं घासून गुळगुळीत होतात. ई-पॉस मशीन ठसा घेत नाही, दुकानदार म्हणतो उद्या या. हात कोमट पाण्यानं धुवा, थोडं तेल लावून पुसून घ्या आणि दहाही बोटं लावून बघा. करंगळीचा ठसा बऱ्याच वेळा लागतो. तरी नाही लागला तर डोळ्याचं स्कॅन मागा, नव्या मशिनला ते आहे. घरातलं दुसरं कुणीबी माणूस जाऊन अंगठा देऊ शकतं. नुसतं ठसा लागंना म्हणून धान्य नाकारलं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज टाका.

पाटीपेन्सिल

शाळेचं थोडक्यात, कारण कायदा इथं स्वच्छ आहे.

शिक्षणहक्क कायदा, २००९. वय ६ ते १४. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्ये आला म्हणून नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला उशिरा येणार असेल तरी बसवून घ्यावंच लागतं. मुलाला वयाप्रमाणं वर्गात बसवायचं, मागं राहिलेलं स्वतंत्र शिकवायचं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांना शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते कारखान्याच्या गावातल्या शाळेत दाखवायचं. मुलं गावातच थांबणार असतील तर हंगामी वसतिगृहाची मागणी दिवाळीआधी शाळा व्यवस्थापन समितीतून गेली पाहिजे. टोळी निघाल्यावर मागणी करून उपयोग नाही.

अंगणवाडीला रहिवासी पुरावा लागत नाही. गरोदर बाई किंवा सहा वर्षांखालचं लेकरू असेल तर त्याच दिवशी नाव घाला.

आणि एक कळकळीची विनंती. खोली शोधताना शाळा बदलावी लागणार नाही अशी शोधा. दोनशे रुपये भाडं जास्त गेलं तरी चालेल. सगळं हललेलं असताना पोराच्या आयुष्यात तोच बाक, त्याच बाई आणि दुपारची तीच खिचडी एवढंच जागेवर असतं.

बिंदुसरा

पावसात घर पडलेल्यांसाठी लिहितो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली त्यानंतर हे प्रत्येक गावात माहीत असायला हवं.

आपली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, वर फळ्या किंवा चिल्हारी, त्यावर फूटभर माती. दगडाच्या भिंती, त्याही मातीत बांधलेल्या. कोरड्यात हे घर थंडगार असतं. सलग चार-पाच दिवस पाऊस लागला की वरची माती पाणी पिते, वजन वाढतं, भिंतीतली माती मऊ होते आणि दगड सुटायला लागतात. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात इतकी माणसं गेली ती याच बांधणीमुळं. पावसातली खूण अशी: भिंतीचं पोट बाहेर येतं, दार चौकटीत अडकायला लागतं, तुळईच्या टोकाशी माती झडते. यातलं एक जरी दिसलं तरी त्या रात्री आत झोपायचं नाही. आणि पडल्यावर धान्याची कोठी काढायला आत शिरायचं नाही. दुसरी भिंत बहुतेक तेव्हाच येते.

आता पैशाचं. आपत्ती निवारण निधीचे निकष असे आहेत: घर पूर्ण नष्ट किंवा राहण्यायोग्य न उरलेलं, कच्चं असो की पक्कं, सपाट भागात १,२०,००० रुपये. अंशतः पडझड, किमान १५ टक्के, तर पक्क्याला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००. गोठ्याला ३,०००. कपडे आणि भांडी वाहून गेली तर कुटुंबाला प्रत्येकी २,५००.

पंचनाम्यात 'अंशतः' लिहिलं की ४,०००, 'पूर्णतः' लिहिलं की १,२०,०००. सगळं एका शब्दावर. माळवदाची एक भिंत गेली आणि तीन उभ्या दिसल्या तर घाईत आलेला कर्मचारी 'अंशतः' लिहितो. पण ज्या भिंतीवर तुळया टेकलेल्या तीच गेली असेल तर छत धरायला काही उरत नाही, ते घर राहण्यायोग्य नसतं. हे तिथंच दाखवून द्या आणि अभियंत्याची पाहणी लेखी मागा. ढिगारा उचलायच्या आधी चारही कोपऱ्यांतून फोटो, एक फोटो तुळईचा, एक समोरच्या ओळखीच्या खुणेसकट: देऊळ, पाण्याची टाकी, खांबाचा नंबर. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून मोठ्यानं वाचवून घ्या.

अजून एक अडचण. निकषात 'अधिकृत बांधकाम' असा शब्द आहे. गायरानावर किंवा नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत) नोंद नसलेल्या घरांचं तिथं अडतं. अशांनी लाइट बिल, घरपट्टी-पाणीपट्टीची पावती, मतदारयादीतला घर क्रमांक, शेजाऱ्यांचे जबाब हे सगळं पंचनाम्याला जोडायला लावायचं. पैसे लगेच मिळतीलच असं नाही, पण इथं राहत होतो याची सरकारी कागदावर नोंद पडते. घरकुलाच्या वेळी ती लागते.

कष्टकरी

सगळं वाचलं. एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. आधी खोली हे ऐकायला बरं वाटतं, पण हातात काम नसताना भाड्याची खोली दिली तर दोन महिन्यांनी भाडं थकतं, घरमालक सामान बाहेर टाकतो आणि कुटुंब आधीपेक्षा वाईट अवस्थेत येतं. वर त्या घरमालकाचा सगळ्यांवरचाच विश्वास उडतो, पुढच्या कुटुंबाला तो दारातही उभं करत नाही. आधी काम लावून द्यावं, पहिली मजुरी हातात आली की खोली.

मांजराकाठ

कष्टकरी दादा, घरमालकाचा मुद्दा मान्य. पण क्रमावर ठाम आहे. पहाटे मजूर अड्ड्यावर उभं राहायला रात्री झोप लागते, आंघोळीला पाणी लागतं, लेकरं कुणाजवळ तरी सुरक्षित ठेवावी लागतात. व्हरांड्यात झोपलेली बाई रात्रभर पोरीवर आणि पिशवीवर नजर ठेवून असते. तिला सकाळी खुरपायला जा म्हणणं अवघड आहे. छप्पर नसल्यामुळंच काम हातातून जातं.

भाडं थकतं ते मदत एकदम तोडल्यामुळं. ती उतरत्या पायरीनं द्यायची. समजा तालुक्याच्या गावात खोली ३,००० रुपये महिना. हिशेब असा मांडायचा:

डिपॉझिट ६,०००. पहिलं भाडं ३,०००. करार आणि नोंदणी २,००० धरू. गॅस आणि शेगडी ३,०००. भांडी, चादरी, पाण्याचा ड्रम, कुलूप ३,०००. पहिल्या पंधरवड्याचा किराणा ३,०००. झाले २०,०००. पुढं दुसऱ्या महिन्याचं भाडं पूर्ण, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात २,००० आपण आणि १,००० कुटुंब, पाचव्या-सहाव्यात १,००० आपण आणि २,००० कुटुंब. हे आणखी ९,०००. एकूण २९,०००.

डिपॉझिट परत येणारं असतं, ते कुणी भरलं आणि परत कुणाला द्यायचं हे करारात लिहा. भाडं घरमालकाच्या खात्यावर टाका, कुटुंबाच्या हातात रोख देऊ नका. विश्वास नाही म्हणून नाही, तर उचलीचा मुकादम (ऊसतोडीला टोळी नेणारा ठेकेदार) आणि दवाखान्याची उधारी त्या रोख रकमेवर आधी टपलेली असतात म्हणून. घरमालकाचा विश्वासही त्यामुळं टिकतो.

नमुना आठ

कराराबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल आणि वाद झाला तर भाडेकरूनं सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. घरमालकाला हे शांतपणे सांगितलं की तो करारालाच तयार होतो, कारण फायदा त्याचाही असतो. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,०००. नोंदणीकृत करार हाच मग पत्त्याचा पुरावा.

गॅसबद्दल. पत्त्याचा पुरावा हातात नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. उज्ज्वला २.० मध्ये स्थलांतरित कुटुंबाला पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालतं. खोलीत चूल पेटवली की धुरावरून घरमालकाशी पहिलं भांडण होतं, म्हणून गॅस पहिल्याच दिवशी.

सिंदफणा

खोली मिळवताना जात आणि धर्म विचारतात. पारधी, वडार, मुसलमान आणि एकटी बाई, या चौघांना "खोली कालच गेली" हे उत्तर ठरलेलं. हे लिहिताना राग येतो, पण उपाय सांगते. कुटुंबाला एकटं पाठवू नका. त्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसानं, शाळेच्या बाईंनी किंवा आशाताईंनी सोबत जायचं. पोलिसांकडचा भाडेकरू माहितीचा अर्ज आधीच भरून न्यायचा. भाडं खात्यावर येणार आणि काही अडलं तर फोन कुणाला करायचा हे घरमालकाला पहिल्या भेटीतच सांगायचं. "फोन करायला कुणीतरी आहे" यावर बरेच नकार विरघळतात.

आखाड्यावरून

पाठराखणीचं कुणी नीट बोललं नाही, म्हणून मी सांगतो.

खोली मोडती ती बहुतेक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. कारण बघा. पावसाळ्यात बांधकामं थांबतात, मजुरी तुटते. त्याच दिवसांत मुकादम उचल वाटायला लागलेले असतात. भाडं थकलं की जोडी उचल घेती, भाडं फेडती, आणि दिवाळीच्या टायमाला कोयता घेऊन निघती. खोलीला कुलूप, पोरं फडावर. मार्च-एप्रिलात परत येतात तवा खोली दुसऱ्याची.

म्हणून जून-जुलैतच बसून बोलायचं. जायचंच ठरलं तर खोलीत आजी किंवा घरातलं एक जाणतं माणूस पोरांसंगं ठेवायचं, आणि उचलीतूनच सहा महिन्यांचं भाडं आधी बाजूला काढायचं. उचल किती घेतली, किती टनाची फेड झाली ते वहीत तारखेनिशी लिहून मुकादमाची सही घ्यायची. वही नसली की फिटलेली उचल परत अंगावर येती. उचलीपायी कुणाला डांबून ठेवलं, जाऊ देईनात, तर ते वेठबिगारीत बसतं. १९७६ चा कायदा आहे, तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडं. मुक्ततेचा दाखला मिळाला की तातडीची मदत ३०,००० पर्यंत आणि पुनर्वसनाची रक्कम वेगळी. त्या दाखल्याबिगर काहीच मिळत नाही.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक चक्कर मारा. नंतर पंधरा दिवसाला. चौकशी म्हणून जाऊ नका, चहाला जा. घरात पीठ किती, पोरं शाळेत गेली का, लाइट बिल आलं का, एवढ्यात समदं कळतं.

तेरणा

घरकुलाबद्दल कुणीच लिहिलं नाही. जागाच नसलेल्यांनी काय करायचं?

बिंदुसरा

तेरणा, प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये मूळ रक्कम सपाट भागात १,२०,०००. शौचालयाचे १२,००० वेगळे, रोहयोतून ९० दिवसांची मजुरी वेगळी, आणि दुसऱ्या टप्प्यात राज्यानं ५०,००० वाढवून दिलेत. घर किमान २५ चौरस मीटर. अनुसूचित जातींना रमाई, जमातींना शबरी, भटक्या-विमुक्तांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना.

जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत मिळते. अडतं ते इथं: घरकुल मंजूर असल्याशिवाय जागेचे पैसे नाहीत, आणि जागा दाखवल्याशिवाय घरकुलाचा हप्ता नाही. त्यामुळं मंजुरी येताच जागामालकाशी बोलणं करून ठेवा आणि गटविकास अधिकाऱ्यांकडं दोन्ही प्रस्ताव एकत्र द्या. जागा घेताना वाट कुठून आहे ते खरेदीखतात लिहून घ्या. वाट नसलेल्या तुकड्यावर विटांचा ट्रॅक्टरच जात नाही.

पहिला हप्ता १५,००० चा. तेवढ्यात जोतं पूर्ण होत नाही आणि जोत्याचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. काम अर्धवट राहण्याचं हेच मोठं कारण. घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत आहे, ती तहसीलमधून आधी मागून घ्या. बचत गटातून जोत्यापुरतं कर्ज काढलेलं परवडतं, सावकाराचं नाही. आणि घर होईस्तोवर भाड्याची खोली सोडू नका. अर्धवट भिंतींवर ताडपत्री टाकून राहायला गेलेलं कुटुंब पहिल्या वळवातच पुन्हा शाळेच्या व्हरांड्यात येतं.

दुधना

शेवटचा प्रश्न. ऊसतोडीवर नवरा वारला. बाई दोन लेकरांसह माहेरच्या ओसरीत आहे. कुठून सुरू करायचं?

नमुना आठ

मृत्यूच्या नोंदीपासून, दुधना. मृत्यू जिथं झाला तिथंच नोंद होते. कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. गावात येऊन अंत्यविधी केला म्हणून गावात नोंद होत नाही. २१ दिवसांच्या आत फुकट आणि सोपं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आधी टोळीतल्या कुणाला तरी फोन करून तिथं नोंद झाली का ते विचारा. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दवाखान्यानं कळवलेलं असतं, फडावर झाला असेल तर बहुतेक कुणी कळवत नाही.

तो दाखला आला की तहसीलमध्ये एकाच दिवशी दोन अर्ज: राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० (दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, मृताचं वय १८ ते ५९) आणि संजय गांधी निराधारचे महिना १,५००. निराधारला वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत आणि राज्यात १५ वर्षं रहिवास लागतो.

तिसरा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, बालसंगोपनाचा. एका लेकराला महिना २,२५०, म्हणजे दोघांचे ४,५००. यासाठी दोन्ही लेकरांचा शाळेचा किंवा अंगणवाडीचा बोनाफाईड आणि आईबरोबर राहत्या जागेसमोरचा फोटो लागतो. फोटो माहेरच्या ओसरीसमोरच काढा, भाड्याच्या खोलीची वाट बघत बसू नका.

दुधना

नोंद झालेली नाही. टोळीतल्या एकाशी आत्ताच बोलणं झालं. मृत्यूला १४ दिवस झालेत.

नमुना आठ

मग ७ दिवस हातात आहेत. उद्याच निघायला सांगा. बाईनं स्वतः जायची गरज नाही, भाऊ गेला तरी चालतो. सोबत दोघांचं आधार, लग्नाचा किंवा रेशनचा कागद आणि फडावर हजर असलेल्या दोघांची नावं-पत्ते. त्या गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आजच फोन करून कार्यालय किती वाजता उघडतं ते विचारून घ्या. दाखल्याच्या किमान ५ प्रती मागा, आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवूनच तिथून हला.

आखाड्यावरून

दुधना, कारखाना कुठल्या भागात ते मला निरोपात कळवा. तिकडं दोन टोळ्या ओळखीच्या हायेत. भावासंगं कार्यालयापर्यंत माणूस देतो.